ढोलकीवाल्यांचा डावा हात

आधी मावशींचं सांगते, कारण या गोष्टीत जे चांगलं झालं ते त्यांच्यामुळं आणि जे बिघडलं ते माझ्यामुळं. मावशी म्हणजे येरमाळ्यात आमच्या भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या, अंगणवाडीत मदतनीस म्हणून उभी हयात घालवलेल्या बाई. नात्यानं माझ्या कोणी नव्हेत. माझं माहेर, सासर दोन्ही लांज्याकडं. आठवीतून शाळा सोडली, लग्न झालं, आणि नवऱ्याला इकडं माळावरच्या पवनचक्क्यांची राखण करायचं काम मिळालं म्हणून पस्तिशीत घाटावर येऊन पडले. नवरा रात्रपाळीला, घरात मी एकटी, आणि वारा पत्र्याशी भांडतोय. तिसऱ्याच रात्री माझं रडणं भिंतीपलीकडं ऐकू गेलं.

"कोकणे, भ्याव वाटतंय व्हय गं? ये इकडं. टीव्ही बघू."

तेव्हापासून मी रोज रात्री तिकडंच. शनिवारी उशिरा एका वाहिनीवर जुन्या जाणत्या कलावंतांचा कार्यक्रम असायचा, थेट प्रक्षेपण. सत्तरी ओलांडलेली माणसं गायची, वाजवायची. मावशींचा नियम एकच. हातानं शेंगा फोडायच्या, तोंडाला कुलूप.

मला गाण्यातलं काही कळत नाही, पण काळजीतलं सगळं कळतं. थेट म्हणजे चुकलं तर चुकलं, पुसता येत नाही. या विचारानंच माझे तळहात ओले व्हायचे. एका आजोबांनी तान घेता घेता खोकला दाबला, तर मी इकडं खाकरले. एक आजी शब्द विसरल्या असं वाटून मी पदर तोंडात धरला. त्या विसरल्या नव्हत्या, नुसत्या थांबल्या होत्या.

"आगं, ती पन्नास वर्सं गातीया," मावशी म्हणाल्या. "तिला घाम न्हाय, तुला कशाचा आलाय?"

एका शनिवारी संध्याकाळपासूनच मावशी इस्त्रीचं पांढरं लुगडं नेसून, केस विंचरून टीव्हीसमोर बसलेल्या. लग्नाला निघाल्यासारख्या. विचारलं तर म्हणाल्या, आज आपल्या गायन पार्टीतला ढोलकीवाला येणार. मावशींचे मालक त्या पार्टीत पेटी वाजवायचे. जयंतीच्या दिवसांत ही मंडळी गावोगाव भीमगीतं गात फिरायची. आता त्यातला हा एकटाच उरलेला.

"त्याचा डावा हात बघायचाय मला," मावशी म्हणाल्या. "चाल बदलायच्या आधी त्यो मनगट असं कायतरी उचलायचा. आमचे ह्ये पेटीवरून तेवढ्याकडंच बघत ऱ्हायचे. त्यो हात दिसला की ह्ये शेजारी बसल्यात असं वाटंल बघ." पार्टीचा एकही फोटो त्यांच्याकडं नव्हता.

एवढं ऐकून गप्प बसावं की नाही? पण मला उपकार फेडायची घाई. पडद्याखाली नंबर फिरत होता, कलावंतांशी बोलण्यासाठी फोन करा. म्हटलं, "मावशी, आपण फोन लावू."

"कशाला? निवांत बघू दे की."

"अहो, तुम्ही बोलाल त्यांच्याशी!"

मावशी कुरकुरत का होईना, हो म्हणाल्या. ढोलकीवाले येऊन बसले, पागोटं नीट केलं, निवेदिकेशी गप्पा सुरू झाल्या, आणि मी नंबर दाबतेय, दाबतेय. शेवटी लागला.

"कोण बोलतंय?"

"मी येरमाळ्याहून बोलते," मी म्हटलं. दोन क्षणांनी टीव्हीतून एक बाई म्हणाली, "मी येरमाळ्याहून बोलते." मला वाटलं, गावातली दुसरीच कोणीतरी मध्ये घुसली. मी ठणकावलं, "अहो बाई, आधी माझा नंबर आहे!" तेही टीव्हीतून साऱ्या महाराष्ट्रानं ऐकलं.

"ताई, आधी टीव्हीचा आवाज बंद करा," निवेदिका हसू दाबत म्हणाली.

रिमोट टरफलांच्या ढिगात कुठंतरी. मी उठले आणि बोर्डावरचं बटणच बंद केलं. आवाज गेला, चित्रही गेलं. फोन मावशींच्या हातात कोंबला.

"जयभीम, भावजी."

पलीकडून आवाज आला, "वहिनी? पेटीवाल्यांच्या?"

"व्हय."

"हायती अजून तुमी?"

"मग काय भूत बोलतंय?"

ते मोठ्यांदा हसले. म्हणाले, "पेटीबिगर हात उठत न्हाय, वहिनी. पर तुमच्यासाठी वाजवतो, मालकांचीच चाल." आणि ढोलकी सुरू झाली. फोनच्या स्पीकरमधून ती पत्र्याच्या डब्यावर बोटं वाजवल्यासारखी येत होती. मावशी फोन धरून काळ्या पडद्याकडं टक लावून बसलेल्या. मी धावत बटण चालू केलं, तर टीव्हीखालच्या सेट-टॉप बॉक्सचा लाल दिवा लुकलुकला आणि पडद्यावर अक्षरं आली, कृपया थांबा. मी थांबले. ढोलकी थांबली नाही. चाल बदलली, ते मलाही कळलं, म्हणजे हात उचलून झाला होता. "परभणीला आलात तर घरी या," एवढं ऐकू आलं आणि फोन कट झाला. मग चित्र आलं, दंतमंजनाची जाहिरात.

मावशींनी लुगड्यावरची टरफलं झटकली.

"आवाज बंद कर म्हणली व्हती ती, मानूस न्हाय," त्या म्हणाल्या. मग, "ऱ्हाऊ दे. ऐकलं की. निम्मं तर मिळालं."

नंतर मोबाइलवर खूप शोधलं. त्या रात्रीची इतरांची गाणी सापडली, ढोलकीवाल्यांचं नाही. दुसऱ्या दिवशी भाकरी थापता थापता मावशी आपलंच डावं मनगट उचलून बघत होत्या. "असं न्हाय," म्हणायच्या. परत उचलायच्या. "असं बी न्हाय." मी चुलीपुढं लाकडं सारल्याचं सोंग करत बसले.

मावशींचे गुडघे धरलेत. परभणीचं नाव काढलं की म्हणतात, "आता कुठं जातीया मी." आणि मी अशी की येडशीला जाताना पाटी तीनदा वाचूनही कंडक्टरला दोनदा विचारते. तरी नेणार. ढोलकीवाल्यांचं वय बघता फार वेळ लावूनही चालणार नाही. एक दिवस मावशींना त्यांच्या घरी घेऊन जाईन, समोर, जरा डावीकडं, हात नीट दिसेल असं बसवीन, आणि ते वाजवत असतील तोवर मी कशालाही हात लावणार नाही.