लेकीची येळवस

“बाई, कवा आलीस?”

गेल्या उन्हाळ्यापासून गावात रोज कुणी ना कुणी मला हे विचारतं. मी आलेली नाही, मी इथे राहते, असं सांगून सांगून माझं तोंड दुखलं. देवणीजवळच्या या गावात वडिलांची जमीन. वाटणीत माझ्या हिश्श्याचा तुकडा माझ्या नावावर झाला. नवऱ्यापासून मी त्याआधीच वेगळी झाले होते. पन्नाशी उलटल्यावर लातूरच्या शाळेतली नोकरी सोडली आणि टेम्पो भरून सामान घेऊन आले. टेम्पोत लोखंडी कपाट होतं, गॅस होता, वॉशिंग मशीन होतं. वॉशिंग मशीन घेऊन कुणी चार दिवसांच्या माहेरपणाला येतं का? पण गावाने ठरवून टाकलंय की मी रुसून आले आहे. “जावई कवा येणार न्यायला?” असं बायका हसत विचारतात, आणि मी या वयात नव्या नवरीसारखी मान खाली घालून, आतून दातओठ खात उभी राहते.

शेतात तर कहरच. खुरपं हातात घेतलं की कुणीतरी ते काढून घेतं. “सावलीला बस बाई.” माझा थोरला चुलतभाऊ, दादा, ज्याचं शेत माझ्या बांधाला लागून आहे, तो न विचारता माझ्या रानात काय पेरायचं ते ठरवतो, औत पाठवतो आणि वर घरून डबाही पाठवतो. वाईट वागला असता तर भांडले तरी असते. इतक्या मायेने वागणाऱ्याशी भांडायचं कसं, हेच मला कळत नव्हतं. लाडाने जीव घुसमटतो, हे मी इथे येऊन शिकले.

म्हणून येळवशीवर मी सगळी भिस्त ठेवली होती. वेळा अमावास्येला आमच्याकडे येळवस म्हणतात. थंडीत, हरभरा घाट्यांवर आला की प्रत्येक शेतकरी आपापल्या रानात कडब्याची कोप, म्हणजे छोटी खोपटी, उभी करतो, आत पाच दगडांचे पांडव मांडतो, आणि ताकात ज्वारीचं पीठ कालवून आंबवलेली आंबील पिकाभोवती शिंपडत फिरतो. मग येईल त्याला जेवू घालतो. अख्खं लातूर त्या दिवशी ओस पडतं. इतकी वर्षं मी मास्तरणींच्या घोळक्यातून कुणाच्या ना कुणाच्या रानात जेवून आले होते. या वर्षी माझं रान होतं. त्या दिवशी गाव मला बघेल, माझ्या पंगतीला बसेल, आणि मग तरी ही बाई इथली शेतकरी आहे हे त्यांच्या डोक्यात शिरेल, असा माझा हिशेब होता.

पालेभाज्या आणि हिरवे दाणे घालून भज्जी केली, बाजरीचे वाफवलेले उंडे केले, खीर केली. स्कूटीवर पाय ठेवायच्या जागी आंबिलीचं मडकं धरून, खड्डे चुकवत रानात पोचले. बघते तर कोप उभी, तिच्यावर वहिनीची साडी, आत पांडवांना हळदकुंकू लागलेलं. दादा तांब्या विसळत होता.

“उरकलं बघ तुझं समदं,” तो म्हणाला. “आता निवांत जेव.”

“आंबील कुणाची शिंपडली?”

“आमच्या घरची. आमची काय न् तुझी काय!”

“दादा, रान माझं हाय. मी शिंपडणार होते.”

तो खरंच गोंधळला. “अगं, लेकीनं कुटं येळवस करायची असती व्हय? लेकीनं यायचं, पोटभर खायचं, ओटी भरून न्यायची.”

माझं डोकं फिरलं. मडक्यातून तांब्या भरला आणि हरभऱ्यात घुसले. एकाने ‘ओलगे ओलगे’ म्हणायचं आणि मागच्याने ‘सालम पोलगे’ म्हणून साथ द्यायची, अशी रीत आहे. माझ्यामागे कुणीच आलं नाही. दोन्ही मीच ओरडले, वर्गात ओरडायचे तशी. दादाकडची पाहुणेमंडळी बांधावर येऊन हसत होती. “एका रानाला दोन येळवशी!” कुणीतरी म्हणालं. अर्ध्या रानात माझा आवाज बसला, डोळ्यांत पाणी आलं, पण फेरी पुरी केली.

परत येऊन मी पानं मांडली. सगळे माझ्या पंगतीला बसले. भज्जीला चव आली म्हणाले, दादाने आंबील दोनदा मागून घेतली. तासभर मला वाटलं, जमलं. गाडी रुळावर आली.

ऊन कलल्यावर वहिनीने पिशवीतून खण आणि नारळ काढला.

“बस बाई. ओटी भरते. लेक मोकळ्या हातानं जाऊ न्हाई.”

“वहिनी, जाऊ कुठं? तुमच्या परसात उभं राहिलं की माझं दार दिसतंय.”

“हाव गं. पर रीत हाय. पुढल्या येळवशीला परत यायचं बघ, जावयाला घिऊन.”

तिच्या डोळ्यांत पाणी होतं. खरं पाणी. मी माझ्याच रानात, माझ्याच कोपीपुढे, पदर पसरून बसले आणि तिने मला निरोप दिला. गहू, खण, नारळ. ओटीचा नारळ लेकीने सोबत न्यायचा असतो, माहेरी फोडायचा नसतो, हे मलाही माहीत होतं. मी उठले, एका हाताने पदर सावरला आणि नारळ बांधावरच्या दगडावर आपटला. पाणी सगळं मातीत गेलं. खोबऱ्याचे तुकडे करून एकेकाच्या हातावर ठेवत गेले.

“माझ्या रानातला परसाद हाय. घ्या.”

दादाने मान खाली घालून तुकडा तोंडात टाकला. वहिनीने तिचा तुकडा बराच वेळ हातात धरला, मग पदराच्या टोकाला गाठ मारून बांधला. “घरी गेल्यावर खाते,” म्हणाली, आणि माझ्याकडे न बघता आपली भांडी गोळा करायला लागली.