ओळख न देण्याची परीक्षा

पुंडलिकनगरच्या गीताबाई एकट्या फिरतात, आणि त्याचा त्यांना चांगलाच तोरा आहे. का नसावा? साठी उलटलेली ही बाई सांची, सारनाथ, बोधगया पाहून आली, तीही कुठल्या टूरबरोबर नाही. अर्ध्या तिकिटाची एसटी, जमेल तिथं रेल्वे, घरची भाकरी आणि मुक्कामाला बुद्धविहार. पैसे थोडे पर्समध्ये, थोडे पोलक्याच्या चोरखिशात आणि उरलेले चटणीच्या डब्यात, पिशवीत गुंडाळून. चटणीत हात घालणारा चोर अजून जन्मला नाय, असं त्या छातीठोकपणे सांगतात.

त्यांच्या नातीला, करुणाला, असंच एकटीनं सांचीला जायचं होतं. बाप राजेंद्र ऐकेना. जमाना खराब आहे, हे त्याचं एकच पालुपद. शेवटी गीताबाईंनी तोड काढली. करुणानं आधी नागपूरला दीक्षाभूमी पाहून यायचं. त्याच गाडीत गीताबाईही असतील, पण अनोळखी बनून, वेगळ्या सीटवर. पोरगी गडबडली तर सांचीचं नाव काढायचं नाही. राजेंद्र कबूल झाला.

निघण्याआधी आजीनं नातीकडून सगळं घोकून घेतलं. गाडी रात्रीची धर, लॉजचं भाडं वाचतं आणि उतरायला उजेड मिळतो. बॅगेचा पट्टा पायात अडकवून बस. रिक्षात बसण्याआधी तिचा नंबर घरी पाठव. आणि आपल्या मराठवाड्यातल्या माणसाला महाकठीण असा नियम: शेजारच्यानं कुठल्या गावच्या, कुणाच्या, कुठं निघालात असं विचारलं तर खरं सांगायचं नाही. माझं नाव घेऊन कुणी आलं तरी ओळख द्यायची नाही.

गाडी सुटली. करुणा पुढं, गीताबाई बऱ्याच मागं, आणि त्यांच्या शेजारी गंगापूरची एक गोड बोलणारी बाई. जालन्यापर्यंत गीताबाईंनी तोंड आवरलं. मग उठून पुढं पाहिलं तर करुणानं बॅगेचा पट्टा पायात अडकवला होता, अगदी शिकवल्याप्रमाणं. आता मात्र त्यांना राहवेना. ती पुढं बसलीय ना, ती माझी नात करुणा, असं सुरू करून त्या पार सांचीपर्यंतची हकीकत सांगून मोकळ्या झाल्या. मागच्या सीटवरचा माणूस जागा होता.

सकाळी नागपूरच्या स्टँडवर करुणा आधी उतरली. तो माणूस लगबगीनं तिच्यापाशी गेला.

"करुणा बेटा, आजीनं सांगितलंय, त्या रिक्षात बस. आजी मागून येतायत."

गीताबाईंनी ते बसच्या दारातून ऐकलं. नाव आपणच त्याच्या हातात दिलं. पोरीनं विश्वास ठेवला तर? त्या हाक मारणार, तेवढ्यात करुणाचा आवाज आला, चार माणसं वळून बघतील असा.

"माझ्यासंगं कुणी आजी नाय. भाऊ पोलिसात हाय माझा, चौकशीच्या खिडकीपाशी उभाय. चला, त्यालाच सांगा."

करुणाला सख्खा सोडाच, चुलत भाऊही नव्हता. पण ती सरळ खिडकीकडं चालू लागली आणि तो माणूस गर्दीत पसार झाला.

गीताबाईंचे डोळे भरून आले. लाज वाटली, पण नातीचा अभिमान त्या लाजेपेक्षा कितीतरी मोठा होता. त्यांनी तिथूनच राजेंद्रला फोन लावला आणि काही न लपवता सगळं सांगितलं. परीक्षेत एकजण नापास झाली, त्या म्हणाल्या, आणि ती मी. पोरीला जाऊ दे.

मग चहा पिताना त्यांनी करुणाला विचारलं, सांचीला कधी निघणार?

करुणा हसली. "ते नाय सांगायचं, आजी. तू सगळ्या गाडीला सांगशील."