लाल पिंपातला भात

नाव: शिन चाइफंग. वय: बहात्तर. हुद्दा: नदीकाठ वारसा परिसराची मान्यताप्राप्त पायी-फेरी मार्गदर्शक. पात्रता: सदर परिसरात चाळीस वर्षे वास्तव्य. वर्तन: समाधानकारक. सदर व्यक्ती छापील माहितीपत्रकाबाहेर बोलत नाही.

हे खरंच होतं. चीनमधल्या निंगबो शहरात योंग नदीकाठची ती गल्ली नव्याने उभी राहिल्यापासून तिकीट किंवा बिल्ला असल्याशिवाय आत सोडत नाहीत, आणि चाइफंगताईंचं घर आत आहे. आता तिथे चहाचं दुकान आहे, पण घर ते घर. बिल्ल्यासाठी त्या दिवसातून दोनदा स्वतःच्याच दारात उभ्या राहून सांगत, "इथे रेशमाचे एक व्यापारी राहत." राहत होती नऊ कुटुंबं, एका नळावर. मी घोळक्याच्या शेवटी झेंडा धरून चालतो, मला सगळं पाठ आहे.

त्या दिवशी फेरी एका नव्या हॉटेलात संपली. खारवलेला खेकडा आला, मासा आला, मग पितळी पट्ट्यांच्या लालभडक लाकडी पिंपातून वाफाळता भात.

"श्रीमंत घराण्याचं भातपात्र!" मॅनेजर युएबाई म्हणाल्या. "घ्या, लाजू नका."

चाइफंगताई पिंपाजवळ वाकल्या. पट्टीखाली तीन खाचा होत्या. त्यांचे वडील पिंपं बांधायचे, ही त्यांची खूण.

"माझं आहे रे हे," त्या पुटपुटल्या. "लग्नातलं. फ्लॅटमध्ये जाताना अंगणात टाकून गेले होते."

"मग गप्प बसा, ताई," मी कुजबुजलो. "बिल्ला जाईल."

"अरे, लोक खातायत त्यातलं!"

एक तरुण जोडपं दुसऱ्यांदा भात वाढून घेत होतं. ताई उठल्याच.

"पोरांनो, वाट्या खाली ठेवा. आमच्यात मुलीला हे लग्नात देतात, आत लाल अंडी आणि बोरं घालून. ती काढली की त्यावर बसायचं. मी एकवीस वर्षं बसले. पहाटे मैल्याची गाडी यायची, तिच्यात हे रिकामं करायचं."

टेबलाच्या टोकाला बसलेल्या एका म्हातारीने चॉपस्टिक्स खाली ठेवल्या. "मला आधीच शंका आली होती," ती म्हणाली, "पण सगळे खात होते."

"आजी, हे कागदात नाहीये!" युएबाई ताईंवर किंचाळल्या.

"कागद कधी बसला होता यावर?"

बिल्ला संध्याकाळीच जमा करून घेतला. भात आता स्टीलच्या डब्यातून येतो. पिंप काचेआड आहे, खाली पाटी: 'भातपात्र'.

गल्लीत सार्वजनिक शौचालय नाही.