पिंजऱ्यातला खोटारडा

सगळं वर्ष मी एक पिंजरा बांधण्यात घालवलं. ताथवड्यातल्या आमच्या छोट्या कंपनीचं सॉफ्टवेअर कारखान्यांतला माल तपासतं. प्रत्येक कारखान्याचे नियम वेगळे, म्हणून ज्यानं त्यानं आपलं प्लगइन, म्हणजे छोटा जोड-प्रोग्राम, लिहून आत बसवावं, अशी सोय मी वेबअसेंब्ली नावाचं तंत्र वापरून केली. प्लगइनला फक्त यंत्रावरचा आकडा मिळणार आणि त्यानं फक्त पास किंवा फेल म्हणायचं. त्याला ना आमची फाइल दिसत, ना नेटवर्क. या बंदोबस्ताचा मला भलताच अभिमान होता. सोसायटीतल्या लोकांनाही मी तो ऐकवून पिडायचो.

मग निघोज्याजवळच्या एका कारखान्यात गेलो. तिथे स्कूटरच्या ब्रेकचे पाईप दाबाखाली गळतात का, ते तपासतात. त्या दिवशी बड्या गिऱ्हाइकाचा ऑडिटर आलेला. जमिनीवरच्या पिवळ्या पट्ट्यांचा रंग अजून ओला, स्क्रीन हिरवीगार आणि नापास मालाचा लाल क्रेट रिकामा.

"भाऊ, तुमच्या प्लगइनच्या सोयीमुळं रिजेक्शनच बंद झालं राव," सुपरवायझर खुशीत म्हणाला.

मला शंका आली. मी पाईप न लावताच यंत्र चालवलं. पास!

कारखान्यानं लिहिलेलं प्लगइन आकडा घेत होतं, फेकून देत होतं आणि दर वेळी पास म्हणत होतं. पिंजरा शाबूत होता. आत बसून खोटं बोलायला कुठं काय तोडावं लागतं? कुंपणच शेत खात होतं आणि कुंपण मी घातलेलं. अक्षरशः किळस आली. मी आमच्या साहेबांना फोन लावला.

"त्यांनी आपलं काही तोडलंय का? नाही ना? मग सोड," साहेब म्हणाले. वर विचारतात, ऑडिटर खूश आहे का! लाज कोळून प्यायलेली माणसं.

पाळी सुटल्यावर सुपरवायझर माझ्याच गाडीतून निगडीला निघाला. वाटेत त्यानं पेढा दिला. मुलीला स्कूटर घेतली होती.

"आपला पाईप लागतो ती गाडी न्हाई घेतली," तो म्हणाला. "नीट चौकशी करून दुसरी घेतली."

मी पेढा खिडकीबाहेर थुंकलो आणि पुढच्या चौकात गाडी वळवली.

"आता कुठं, भाऊ?"

"परत. ऑडिटर अजून तिथंच असेल. पाईप न लावता यंत्र कसं चालतं, ते तुम्हीच दाखवा त्याला."