तीस पत्त्यांचा कॅट

बाबांच्या कारखान्याने त्यांना स्वेच्छानिवृत्ती दिली. स्वेच्छा कारखान्याची, निवृत्ती बाबांची. त्या दिवसांत उदारीकरणावर रोज अग्रलेख येत आणि बाबा ते मोठ्याने वाचून "बरोबर आहे, देशाला गरजच होती" असं म्हणत, जणू घरी दुसरंच कोणी बसलं होतं. मग कर्वेनगरच्या आमच्या दोन खोल्यांत रोज दुपारी पाच-तीन-दोनचा डाव पडू लागला. बाबा, आई आणि मी. प्रत्येकी दहा पानं, म्हणजे एकूण तीस. दुर्री-तिर्रीसकट उरलेली बावीस पानं आईने केव्हाच वेगळी काढली होती. काही माझ्या पुस्तकांत खुणेला होती, काही घडी होऊन डुगडुगत्या टेबलाखाली गेली होती.

मी नुकताच इंजिनियर झालो होतो. शिक्षण यंत्रांचं असो की बांधकामाचं, त्या वर्षी पुण्यात सगळ्यांना सॉफ्टवेअरमध्येच जायचं होतं. घरात पगार आणणारं कोणी उरलं नव्हतं, तेव्हा मला नोकरी लागायलाच हवी होती. एका कंपनीचं बोलावणं आलं. तिथे म्हणे संभाव्यतेची गणितं विचारत, तीही पत्त्यांची. संगणकाच्या नोकरीला पत्ते कशाला, हा प्रश्न फक्त आईला पडला.

बाबांना मात्र पुन्हा कामावर बोलावल्यासारखं झालं. रोज सकाळी आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून ते कॅट पिसत माझ्यासमोर बसत.

"राजा निघण्याची शक्यता?"

"तिसात चार."

"हा निघाला. आता दुसरा?"

"एकोणतिसात तीन."

"अहो, मुलाला नोकरीला लावताय की क्लबात?" आई स्वयंपाकघरातून विचारायची. बाबा पुढचं पान काढत. शिकवताना इतके खूश असलेले बाबा मी त्याआधी पाहिले नव्हते.

पुस्तकातल्या गणितांत बावन्न पत्ते असत, नाही असं नाही. पण टाकीच्या गणितात टाकीला दोन तोट्या असतात, तसा तो मला गणितापुरता आकडा वाटायचा. आमच्या टाकीला एकच तोटी होती.

मुलाखत घेणारे गृहस्थ माझ्याहून फार तर पाच वर्षांनी मोठे असतील. त्यांनी विचारलं, "पत्त्यांच्या कॅटमधून दोन पानं काढली. दोन्ही राजे असण्याची शक्यता किती?"

पत्ते किती ते त्यांनी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. कागद न घेता मी म्हणालो, "एकशे पंचेचाळिसात दोन."

त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं. "कॅटमध्ये पत्ते किती असतात?"

"तीस."

"तीस?"

"तिघं असतील तर तीस, सर."

"आणि चौघं असतील तर?"

"आमच्याकडे चौथं कोणी नाही."

ते हसले नाहीत. हसले असते तर निदान काही आशा होती. त्यांनी नम्रपणे माझे आभार मानले आणि दार कुठे आहे ते दाखवलं. जिन्यावर मला बावन्न आठवले. तिथेच खाली बसावंसं वाटलं.

घरी बाबा दारातच उभे होते. "झालं नाही," मी सांगितलं.

"विचारलं काय?"

"दोन राजे."

त्यांनी क्षणभर डोळे मिटले. "एकशे पंचेचाळिसात दोन!"

"तेच सांगितलं."

"मग?"

खरं तर मला त्यांचा राग यायला हवा होता. आला नाही, नुसतं वाईट वाटलं. नोकरी माझी गेली होती, पण खरं बोललो असतो तर ह्या माणसाला कारखान्यानंतर मीही घरी बसवलं असतं.

"इंग्रजी कमी पडलं, बाबा."

त्यांचा चेहरा एकदम खुलला.

"एवढंच ना? मग उद्यापासून मी तुझं इंग्रजी घेतो."