नाव सांगितल्याशिवाय गोळी नाही

नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाच्या प्रात्यक्षिक परीक्षेत थोरलीने एका पुतळ्याला त्याचे पूर्ण नाव विचारले आणि ती उत्तराची वाट पाहत उभी राहिली.

पुतळा रबराचा होता. कॉलेजच्या सरावाच्या खोलीत तो कित्येक वर्षे उताणा पडून होता. त्याचे पोट डब्याच्या झाकणासारखे निघत असे आणि सुया टोचून टोचून दोन्ही दंडांची चाळण झाली होती. मुली त्याला काका म्हणत. परीक्षेचा रिवाज असा, की औषध देण्यापूर्वी विद्यार्थिनीने काकांना नाव विचारायचे, काकांच्या वतीने स्वतःच घोगऱ्या आवाजात उत्तर द्यायचे आणि पुढच्या कामाला लागायचे. आधीच्या सगळ्या मुलींनी तसेच केले होते. थोरली मात्र नम्रपणे काकांच्या तोंडाकडे पाहत राहिली. बाहेरून आलेल्या परीक्षकांचा चहा संपला. त्यांनी कप खाली ठेवला.

"पुढे?"

"त्यांनी अजून नाव सांगितलं नाही, सर."

"अहो, तो पुतळा आहे."

"हो सर. पण तुम्हीच म्हणालात, हा रुग्ण आहे असं समजा."

परीक्षकांनी शिकवणाऱ्या बाईंकडे पाहिले. बाईंनी खिडकीकडे पाहिले. दोष म्हटला तर त्यांचाच होता. पहिल्या दिवसापासून त्या सांगत आल्या होत्या, "समोरचा तुमचा सख्खा भाऊ का असेना, नाव त्याच्या तोंडून ऐकायचं. तुम्ही नाव घ्यायचं आणि त्यानं मान डोलावायची, हे मला चालणार नाही. गुंगीतला माणूस कशालाही मान डोलावतो." इतर मुलींनी हे वाक्य उतरवून घेतले होते. थोरलीने ते मनावर घेतले होते.

शेवटी परीक्षकांनीच खाकरून काकांचे नाव सांगितले. थोरलीने ते खाटेला अडकवलेल्या कागदाशी ताडून पाहिले, काकांचे आभार मानले आणि मग औषध दिले. ती पास झाली. परीक्षकांनी शेरा दिला, "अचूक. अत्यंत सावकाश."

ती सावकाश होती हे घरात कुणाला नवीन नव्हते. तीन बहिणींत मोठी म्हणून तिला थोरली म्हणत, पण घरात बोलायची पाळी तिच्यापर्यंत क्वचितच येई. धाकट्या दोघींची तोंडे अखंड चालत. थोरलीला मात्र माणसापुढे गेल्यावर पहिले वाक्य काय बोलावे, हेच सुचत नसे. ते सुचेपर्यंत समोरचा माणूस निघून गेलेला असे. वॉर्डात तसे नव्हते. तिथे पहिले वाक्य ठरलेले होते. "तुमचं पूर्ण नाव सांगा" म्हटले, की माणसे तिच्याकडे पाहत, नाव सांगत आणि पुष्कळदा न विचारलेलेही बरेच काही सांगत. हे काम आपल्याला जमेल, असे तिला आयुष्यात प्रथमच वाटले होते. तिने ते कुणाला सांगितले नाही, कारण सांगायला सुरुवात कशी करावी हे सुचले नाही.

सराव सुटू नये म्हणून सुट्टीत ती घरच्यांना त्यांच्या गोळ्या देऊ लागली. पहिल्या सकाळी ती रक्तदाबाची गोळी आणि पाण्याचा पेला घेऊन वडिलांसमोर उभी राहिली.

"बाबा, तुमचं पूर्ण नाव सांगा."

वडिलांनी वर्तमानपत्र खाली केले. "काय सांगू?"

"पूर्ण नाव. आणि जन्मतारीख."

"अगं, ज्याचं नाव लावून तू शाळेत गेलीस, तोच मी."

"हो. तरी सांगा."

"सांगून टाका हो," स्वयंपाकघरातून आई म्हणाली. "नाहीतर गोळी मिळायची नाही. काल रात्री डोकेदुखीच्या एका गोळीसाठी मी जन्मतारीख सांगून बसले. लग्नापासून लपवली होती."

वडिलांचा अपमान झाला होता, तो त्यांनी दोन दिवस पाळला. ते निवृत्त पोस्टमन होते. तिसऱ्या दिवशी त्यांना काय आठवले कोण जाणे, पेला हातात घेताना म्हणाले, "रजिस्टर पत्राचं असंच असतं. शेजारी कितीही म्हणाला, 'द्या माझ्याकडे, मी पोचवतो', तरी द्यायचं नाही." त्यानंतर ते न विचारता नाव सांगू लागले. थोरली तरीही विचारत असे, कारण क्रम तसा होता.

निकालानंतर नोकरीचा प्रश्न आला. तिची वर्गमैत्रीण भिंगरी हिला एका मोठ्या रुग्णालयात लगेच घेतले. भिंगरी हे नाव तिला पायांवरून पडले होते. ती वॉर्डात कुणाला उभी अशी दिसतच नसे. थोरलीला एका लहान दवाखान्याने सकाळी बोलावले आणि दुपारी घरी पाठवले. बाकीच्या मुलींची खोलीभर औषधे देऊन झाली, तेव्हा थोरली तिसऱ्या खाटेपाशी होती. तिथल्या आजींनी "माहेरचं सांगू की सासरचं?" असे विचारले होते. थोरलीने दोन्ही ऐकून घेतली होती. दोन्हींना इतिहास होता.

"इथं गोळ्या वाटायच्या असतात, सोयरीक नाही जुळवायची," तिथल्या मेट्रन म्हणाल्या.

त्या संध्याकाळी मामा आले. त्यांचे फरशांचे दुकान होते आणि गल्ल्यावर बसायला विश्वासाचे माणूस हवे होते. थोरलीने शाळेच्या सुट्ट्यांत तिथे बसून पाहिले होते. दिवसभर फरशा तिच्याकडे पाहत आणि ती फरशांकडे.

"फरशीचं एक बरं असतं," मामा म्हणाले. "ती आजारी पडत नाही. तिला नाव विचारावं लागत नाही."

"एवढी शिकली ती फरशा विकायला?" वडील म्हणाले.

"दाजी, शिक्षण वाया कुठं जातंय? कुणाच्या पायावर फरशी पडली तर पट्टी बांधेल."

आईने दोघांचे ऐकून घेतले आणि निवाडा केला. भिंगरीच्या रुग्णालयात एक जागा निघाली होती. तिथे सकाळची एक पाळी काम करून दाखवायचे होते. ते जमले तर ठीक, नाहीतर एक तारखेपासून मामाचे दुकान. थोरलीला काही म्हणायचे होते. पण ते जुळवेपर्यंत मामा चपला घालून निघाले होते.

भिंगरीने तिची तयारी करून घेतली. "नाव विचार, पण विचारताना हात चालू ठेव. गोळी एका हातात, पेला दुसऱ्या. आणि माहेर-सासर काही ऐकायचं नाही. कळलं?"

"कळलं."

"आणि कोपऱ्यातल्या खाटेवर जजसाहेब आहेत. निवृत्त झालेत, पण अजून त्यांना कुणी सांगितलेलं नाही. त्यांच्या वाटेला जाऊ नकोस. गोळी ठेव आणि पळ."

त्या सकाळी वॉर्डच्या इन्चार्ज सिस्टरांनी तिला एक रांग आखून दिली. त्या कमी बोलत, आणि उरलेले काम चष्म्यावरून बघून भागवत. "डॉक्टर राउंडला यायच्या आत ही रांग संपली पाहिजे. संपली तर राहायचं, नाही संपली तर चहा पिऊन जायचं. चहा चांगला असतो इथला."

थोरलीने ट्रॉली ढकलली. तिच्या मानाने ती त्या दिवशी वाऱ्यासारखी चालली होती. नाव, जन्मतारीख, मनगटावरची पट्टी, कागद, गोळी, पाणी. एका बाईंनी "आमच्या सासूबाईंनी खरं तर माझं नाव बदललं," अशी सुरुवात केली, तेव्हा थोरलीने त्यांना नंतर ऐकण्याचे वचन दिले आणि चाके पुढे फिरवली. पलीकडच्या रांगेतून भिंगरी डोळ्यांनी शाबासकी देत होती. बघता बघता कोपऱ्यातली खाट आली. राउंडला अजून अवकाश होता.

जजसाहेब उशांना टेकून बसले होते. त्यांच्या मनगटावर पट्टी नव्हती; "मी काय सामान आहे?" असे म्हणून त्यांनी ती आल्या दिवशीच कापायला लावली होती. आदल्या संध्याकाळचे जेवणही चवीच्या मुद्द्यावर परत पाठवले होते. त्यांना नाश्त्याआधी रक्तातली साखर कमी करण्याची गोळी द्यायची होती.

"नमस्कार. तुमचं पूर्ण नाव सांगा."

जजसाहेबांनी तिच्याकडे पाहिले. "नाव विचारण्याचं काम माझं."

"हो. तरी सांगा."

"मला ओळखत नाही?"

"ओळखते, साहेब. पण तुमच्या तोंडून ऐकायचं असतं."

"ज्याला माझं नाव ठाऊक नाही, त्यानं इथं उभं राहू नये."

थोरली उभी राहिली. साहेबांच्या कपाळावर घाम आला होता. मुलगी आपल्याला जाब विचारते आहे, याचा त्यांना संताप आला असावा, असा तिने अर्थ लावला आणि तिला फार संकोच वाटला. पण उत्तर आले नव्हते. तिने वाट पाहिली. गोळीची वाटी तिच्या हातात तशीच होती.

भिंगरी चादर घेऊन आल्याचे निमित्त करून जवळ आली. "अगं, दे ना ती गोळी! राउंड येईल."

"त्यांनी नाव सांगितलं नाही."

"ते कधीच सांगत नाहीत! आम्ही कुणी विचारतच नाही त्यांना."

"मी विचारलंय ना पण."

"मग आता फरशा पुसत बस मामाच्या," असे म्हणून भिंगरी चादरीसकट निघून गेली.

थोरलीला दुकान दिसले. कडेला लावलेल्या फरशा दिसल्या, गल्ला दिसला, गल्ल्यामागची लाकडी खुर्ची दिसली. गोळी ठेवायला एक क्षण पुरे होता. समोरचे गृहस्थ जजसाहेबच आहेत, याविषयी तिला काडीमात्र शंका नव्हती. तिने वाटी ट्रॉलीवर परत ठेवली. "साहेब, तुम्हाला वेळ हवा असेल तर मी थांबते," ती म्हणाली.

एवढ्यात दारात डॉक्टर आले. त्यांच्यामागून इन्चार्ज सिस्टर आल्या, त्यांनी रांगेकडे नजर टाकली आणि सरळ कोपऱ्यात आल्या.

"एकच राहिला?"

"हो सिस्टर. ते नाव सांगत नाहीत."

"यांना कोण ओळखत नाही गं?" सिस्टरांनी वाटी उचलली आणि साहेबांकडे वळून, प्रकरण मिटवण्याच्या सुरात म्हणाल्या, "साहेब, सांगून टाका एकदा, म्हणजे ही पोरगी सुटेल."

साहेबांनी तोंड उघडले. ते सिस्टरांकडे पाहत राहिले, मग थोरलीकडे, मग स्वतःच्या हाताकडे, जणू पट्टी तिथे असती तर बरे झाले असते.

"तुम्हीच सांगा," ते हळूच म्हणाले.

सिस्टरांनी वाटी खाली ठेवली. त्यांनी साहेबांचा हात हातात घेतला. तो गार होता आणि घामाने ओला झाला होता. पुढचे सगळे फार वेगाने झाले आणि त्यात थोरलीचे काम फक्त बाजूला होण्याचे होते. बोटाला सुई टोचली, साखर मोजली. ती आधीच इतकी खाली गेली होती, की सिस्टरांनी आकडा डॉक्टरांना मोठ्याने न सांगता दाखवला. भिंगरी साखरेचे पाणी घेऊन धावत आली; यावेळी धावण्याचा उपयोग होता. डॉक्टरांनी शिरेतून औषध चालू केले आणि ती गोळी कागदावरून खोडून टाकली.

थोड्या वेळाने साहेबांनी डोळे नीट उघडले, घसा साफ केला आणि आपले पूर्ण नाव पदवी व पदासह सांगितले. थोरलीने कागदाकडे पाहिले. "बरोबर आहे," ती म्हणाली.

सिस्टरांनी तिला टेबलापाशी बोलावले. चहा आला. चहा चांगला होता, त्यामुळे थोरली काय ते समजली.

"तुला कळलं होतं का गं? त्यांची साखर उतरलीय म्हणून?"

हो म्हणणे सोपे होते. भिंगरी मागे उभी राहून मान डोलावून तेच सुचवत होती.

"नाही सिस्टर. मला वाटलं, ते माझ्यावर चिडलेत."

"घाम दिसला होता?"

"दिसला होता. तो रागाचा वाटला. त्याचा अर्थ मला लागायला हवा होता."

सिस्टरांनी चष्म्यावरून रांगेच्या टोकाकडे पाहिले. "रांग काही संपली नाही तुझी."

"नाही."

"वेग सवयीनं येतो. घामाचा अर्थही लागायला लागतो. थांबायचं मात्र शिकवता येत नाही. इतकी वर्षं आमच्यातल्या कुणाला आलं नाही." त्यांनी स्वतःचा कप उचलला. "एक तारखेपासून ये. आणि आधीच सांगून ठेवते, तुझ्याविरुद्ध एक तक्रार आली आहे. आरोपीला विचारावं तशा स्वरात तू नाव विचारलंस, असं साहेबांचं म्हणणं आहे."

"मी त्यांची माफी मागू?"

"माग. पण आधी नाव विचार."

घरी ही बातमी थोरलीने एका वाक्यात सांगितली, त्यामुळे ती खरी वाटायला वेळ लागला. मामांना फोनवर कळवले, तेव्हा ते म्हणाले, की जजसाहेबांच्या घरी फरशी बदलायची असेल तर विचारून ठेव. वडिलांनी गोळी घेताना नाव जरा मोठ्याने सांगितले, एवढेच.

एक तारखेला सकाळी थोरली इस्त्रीचा गणवेश घालून, छातीवर नावाची पट्टी लावून दारात आली. पट्टी तिने आरशात पाहून दोनदा सरळ केली होती. आई जेवणाचा डबा घेऊन उंबऱ्यापाशी उभी होती. थोरलीने हात पुढे केला. आईने डबा मागे घेतला.

"पूर्ण नाव?"

"आई, उशीर होतोय."

"माझी कुठं घाई आहे? मी थांबते."

थोरलीने पूर्ण नाव सांगितले. आईने पुढे वाकून ते छातीवरच्या पट्टीशी ताडून पाहिले, एकेका अक्षरावर बोट ठेवून.

"जन्मतारीख?"

"तुला माहीत नाही का?"

"माहीत आहे," आई म्हणाली. "तरी सांग."

थोरलीने सांगितली. डबा मिळाला.