वन्सं आणि माझी मांडी

धायरीहून वन्संच्या शेजारणीचा फोन आला तेव्हा मी चहा गाळत होते. "काकू, ताई उठतच नाहीयेत हो..." एवढं म्हणाली आणि रडायलाच लागली. मी पोचले तोवर डॉक्टर येऊन गेले होते. वन्सं झोपेतच गेल्या होत्या. शेजारीण त्यांची वळलेली बोटं सरळ करू पाहत होती; ती होईनात म्हणून बिचारी घाबरली होती. "राहू दे गं," मी म्हटलं. मला भीती वाटली नाही. त्या ताठ बोटांचं कारण मला वन्संनीच सांगितलं होतं, तेही माझ्या स्वयंपाकघरात बसून.

वन्सं म्हणजे माझी थोरली नणंद, वसुधा. जन्मभर वैद्यकीय महाविद्यालयात शरीररचना शिकवली. लग्न केलं नाही; कुणी विचारलंच तर म्हणायच्या, "माणसं आतून बघून झाली, बाहेरून बघायचा उत्साह राहिला नाही." मागच्या वर्षी मी पडले, गुडघ्याची वाटी मोडली आणि प्लास्टर निघालं तेव्हा माझी मांडी पार वाळली होती. नारायण पेठेतलं आमचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. मुलगा म्हणाला, "आई, हे विकून टाकू, तू आमच्याकडे ये." प्रेमानंच म्हणाला हो, पण मला घर सोडवेना. हे गेल्यापासून मला त्या घराचाच आधार होता. जिना जमला तर घर राहणार, नाही तर नाही.

मग वन्सं स्वारगेटला बस बदलून यायला लागल्या. फिजिओथेरपिस्टनं दिलेला व्यायाम करून घ्यायला. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी, मांडीवर त्यांचा हात.

"आवळ."

"आवळली की!"

"हो का? मला कळवायचं राहिलं वाटतं."

मला रडू फुटलं. "वन्सं, मांस गेलं ते गेलं. कशाला जीव काढता माझा?"

त्या उठल्या, डब्यातून शेवयांची जुडी घेऊन आल्या. "मालती, हा तुझा स्नायू. ही एकेक शेवई म्हणजे एकेक तंतू. ते कुठे गेले नाहीत, नुसते बारीक झालेत. कामाला लाव, भरतील." मग दोन्ही हातांची बोटं एकमेकांत सरकवून दाखवली. प्रत्येक तंतूत म्हणे जाड आणि बारीक धागे असतात. जाड धाग्याला इवली इवली डोकी; ती बारीक धाग्याला धरतात, ओढतात, सोडतात, पुढे पुन्हा धरतात. धागा स्वतः तसूभरही आखडत नाही, धाग्यावर धागा सरकतो आणि स्नायू आखूड होतो. "आणि ऐक, सोडायलाही इंधन लागतं. मेल्यावर ते संपतं, डोकी धरलेली तशीच राहतात. म्हणून मढं ताठतं." वर चहाचा घोट.

"शुभ बोला हो वन्सं!"

"शुभच बोलतेय. तुझी अजून सोडतायत ना?"

मी हसले आणि हसता हसता आवळलं. त्यांच्या हाताखाली काहीतरी थरथरलं... अगदी पुसट. वन्संनी हात तसाच दाबून ठेवला. नंतर म्हणाल्या, "पोचली बातमी." डोळे भरले होते त्यांचे, पण चष्मा पुसायचं निमित्त केलं.

त्यांनी देहदान केलं होतं. महाविद्यालयाची गाडी आली, मी नमस्कार केला. आता यंदाची मुलं त्यांच्या मांडीतले तंतू हळूच सुटे करतील आणि शिकतील. मला वाईट वाटतं, खूप वाटतं. पण त्याचबरोबर बरंही वाटतं.

त्या संध्याकाळी मी एकटीच घरी आले. मुलगा म्हणाला होता, "मी येतो, धरून वर नेतो." नको म्हटलं. जिना चढताना वन्सं मला मोठ्यानं म्हणायला लावायच्या: "धर, ओढ, सोड." तसंच म्हणत चढत होते, कठड्याला हात न लावता. दुसऱ्या मजल्यावरचे काका दारात उभे होते. "कसला जप चाललाय वहिनी?"

"नणंदेचा," म्हटलं आणि पुढची पायरी चढले.